घरपोच

विमानाने एकदम गचका खाल्ला आणि मागून एक स्टीलचा डबा घरंगळत येऊन कॅप्टन आत्मारामच्या खुर्चीला धडकला. डब्यात भाकरी असावी. पाठोपाठ बाईचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे वो सायब, तुमी हातातला काम सोडू नका."

हातातलं काम सोडायची सोय नव्हतीच. दोन इंजिनांचं ते लहानसं विमान जयगडच्या डोक्यावर पावसात शिरलं होतं, आणि पाऊस तरी कसला, वरून कुणी घागरी उपड्या कराव्यात तसं पाणी काचेवर येत होतं. वायपर नुसते माना हलवत होते. शेजारची सहवैमानिक मृणाली पुण्याची, नोकरीला नवी. रडारवरचे लाल डाग बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज शाबूत होता. आत्मारामला तेवढं पुरे होतं. भीती सगळ्यांनाच वाटते, ती आवाजात उतरू दिली नाही म्हणजे झालं.

मागे स्ट्रेचरवर केरू होता. देवरूखच्या पुढच्या तळेकोंडचा हा माणूस, मालवाहू बोटीवर स्वयंपाकी म्हणून त्याचा जन्म गेला. आता यकृत गेलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने एकच हट्ट धरला, मरायचं तर आपल्या पडवीत. रस्त्याने नेला असता तर तो पेणपर्यंतही टिकला नसता. बोटीच्या कंपनीच्या विम्यात आजारी कामगाराला 'घरपोच' करायचं कलम होतं, म्हणून हे विमान. त्याच्या डोक्याशी डॉक्टर हर्षद बसला होता, आणि पायाशी, म्हणजे कॉकपिटच्या अगदी मागे, बायको सोनूबाई. मुलगा सागर रत्नागिरीच्या विमानतळावर रुग्णवाहिका घेऊन उभा होता. पडवी सारवून ठेवल्याचं त्याने निघताना आईला फोनवर सांगितलं होतं.

आत्माराम स्वतः रत्नागिरीजवळच्या भाट्याचा. बापजादे समुद्रावर, हा आभाळात, एवढाच काय तो फरक. मोठ्या जेट विमानांवर बसायचं त्याचं स्वप्न होतं. दोनदा संधी आली. एकदा त्याला कावीळ झाली आणि एकदा ती कंपनीच बुडाली. मग आयुष्यभर ही छोटी विमानं. पुढारी नेले, हौशी नवरा-नवरी नेले, एकदा अंजनवेलच्या वीजकेंद्राला हवा असलेला यंत्राचा एक भाग नेला, आणि आता उतारवयात आजारी माणसं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आपलं काम पोचवायचं."

त्याच्या आईला, कमळाबाईला, हा शब्द मुळीच खपत नसे. "पोचवतो काय म्हणतंस रे मेल्या? नेतो म्हण, सोडतो म्हण. पोचवतात ता मेल्या माणसाला!" खरंच, गावात कुणाला पोचवून आलो म्हटलं की समोरचा समजायचा, हा मसणातून येतोय. आत्माराम हसायचा आणि पुन्हा तेच बोलायचा. पुढे त्याच आईला पोचवायला तो नव्हता. असाच जुलै होता, एका पुढाऱ्याला घेऊन तो नागपुरात अडकला होता. थोरल्या भावाचा फोन आला, "पोचवून आलाव रे. तुजी वाट बगितली, पण किती ठेवणार?" तेव्हापासून त्या शब्दाशी त्याचं जमेना, आणि तोंडातून तो जाईना.

"रत्नागिरी टॉवर सांगतंय, पाऊस वाढलाय," मृणाली म्हणाली.

"तो वाढणारच. त्याच्या घरात आपण आलोय."

नियम साधा होता. ठरलेल्या उंचीपर्यंत, 'मिनिमम'पर्यंत, उतरायचं. तिथून धावपट्टी दिसली तर टेकायचं, न दिसली तर मुकाट्याने वर जायचं. पहिल्या खेपेला काहीच दिसलं नाही. खाली नुसतं दुधासारखं पांढरं, त्यात पाण्याचे फटकारे. मृणालीने "मिनिमम" म्हणताच आत्मारामने दोन्ही इंजिनांना ताकद दिली आणि विमान धडपडत वर चढलं.

मागून सोनूबाईने विचारलं, "वर का निंगालाव?"

"पट्टी दिसली नाय वैनी. आणि एकदा बघतो."

मुंबईपर्यंतचं इंधन राखून एकदाच बघता येणार होतं. समुद्रावरून वळून तो पुन्हा पट्टीच्या रोखाने निघाला. वारा आता बाजूने ढुशा देत होता. हर्षदने केरूचे पट्टे आणखी आवळले आणि ओरडून सांगितलं, "कॅप्टन, नाडी लागत नाहीये नीट. काय करायचं ते लवकर करा."

तेवढ्यात सोनूबाईने सूर लावला. गावदेवापुढे गुरवाने घालावं तसं गाऱ्हाणं तिने घातलं. बायका एरवी घालत नाहीत, पण इथे गुरव कुठून आणायचा?

"बा देवा म्हाराजा! गावच्या राखणदारा! आज ह्यो तुजा लेकरू तुज्या वाटेला लागलाय. वाटंत जा काय आडवा येल ता बाजूला कर, न् त्येला घराच्या पायरीला लाव रं म्हाराजा!"

आणि ती थांबली. गाऱ्हाण्यात तिथे थांबायचंच असतं. जमलेल्यांनी होकार भरायचा असतो. नाही भरला तर गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही, असं कमळाबाई म्हणत असे. मागे होकार भरणारं कोण होतं? हर्षद केरूचं मनगट धरून बसला होता, आणि केरू तर भाषेच्या पलीकडे गेला होता. आत्मारामला उजवा कान हेडफोनबाहेर ठेवायची जुनी खोड. ती रिकामी जागा त्याला ऐकवेना.

"व्हय म्हाराजा!" तो म्हणाला.

"सर? काय म्हणालात?"

"काही नाही. उंची सांग."

मृणाली उंची सांगू लागली. विमान खाली येत होतं, आदळत, सावरत. एका क्षणी पांढरं फाटलं आणि आत्मारामला सडा दिसला. काळा भिजलेला कातळ, त्यावर पावसाळी हिरवं गवत. त्या सड्यावर लहानपणी त्याने गुरं हाकली होती. आणखी थोडं पुढे पट्टी असणार, पट्टीच्या टोकाला रुग्णवाहिका घेऊन केरूचा सागर. पण लगेच सगळं मिटलं.

"मिनिमम," मृणाली म्हणाली.

आत्मारामचा हात हलला नाही.

त्याला माहीत होतं, पट्टी तिथेच आहे. एवढंसं खाली गेलं की दिसेल. तो जन्मला इथे, त्याला कोण शिकवणार? मागे एक माणूस घराच्या दाराशी येऊन खोळंबला होता. आपण आईच्या वेळी नव्हतो, निदान याला तरी... आणि मग त्याला वाटलं, पट्टीचा पोहणाराच बुडतो, तो असाच. ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. शेजारी कुणाची तरी लेक बसली होती.

"सर, मिनिमम!" या वेळी तिच्या आवाजात भीती उतरली.

"गो अराउंड," तो म्हणाला आणि विमान वर काढलं.

विमान वर येऊन जरा स्थिरावलं. मग आत्मारामने मान किंचित वळवली. "वैनी, उतरता येत नाय. माफ करा. परत जावा लागतंय."

"मुंबयला?"

"व्हय."

सोनूबाई रडली नाही. ती फक्त म्हणाली, "त्येंना मुंबयत मरायचा न्हाय वो."

 आत्मारामने रडारकडे पाहिलं. समुद्राच्या अंगाला, नेहमीच्या वाटेवर, लाल पसरलं होतं. डोंगराच्या अंगाला डागांमधून एक फट दिसत होती.

"मृणाली, देवरूखवरून जाऊ. टॉवरला विचार."

"सर, डोंगराकडे जास्त हलेल."

"हलेल. पण वाट आहे आणि उंची भरपूर ठेवू. विचार."

परवानगी मिळाली. विमान जरा वर, ढगांच्या दोन थरांमधल्या राखाडी पोकळीत शिरलं. हललं, पण मघापेक्षा कमीच. आत्माराम नकाशावर नजर ठेवून होता. खोटं बोलायची त्याची इच्छा नव्हती. खरोखर वेळ आली तेव्हाच तो म्हणाला, "वैनी, आता खालती देवरूख. आणि हा... हा तुमचा तळेकोंड. बरोबर खालती."

खिडकीबाहेर ढगाशिवाय काही नव्हतं. तरी सोनूबाईने खिडकीवरची वाफ पदराने पुसली. मग नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आवो, आयकलात काय? घर आला हां. ही बगा पडवी. सागऱ्यान सारवलीन हाय. पाय धुवा न् पडा निवांत. आता कुटं जायाचा न्हाय."

आत्मारामने खेड्यावर एक रुंद वळसा घेतला, अगदी हळू, पेल्यातलं पाणीही हिंदकळू नये असा. वळसा पुरा होत आला तेव्हा हर्षद पडदा सारून पुढे आला.

"कॅप्टन, गेले ते. आता घाई नाही."

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. वळलात ना, तेव्हा."

मुंबई येईपर्यंत मृणाली उंची आणि वेग तेवढे सांगत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात कामात होते. 

मुंबईतही पाऊस होता. केरूला उतरवून गाडीत ठेवलं. आता तो रस्त्याने जाणार होता, सगळे खड्डे खात. त्याला त्याचं काही नव्हतं. आत्माराम टोपी काढून पावसात उभा राहिला. सोनूबाई डबा छातीशी धरून त्याच्यासमोर आली.

"वैनी," तो म्हणाला, "मला नाय जमला. शेवटपर्यंत आणून नाय पोचवता आला."

"असा का बोलतासा?" सोनूबाई जवळजवळ रागावली. "गाऱ्हाण्याला व्हय म्हनलाव ता मी आयकला नाय काय? आमच्या कोंडावर नेलात. थितंच गेले ते. पोचवलात की तुमी त्येंना."

हे बोलून ती गाडीत चढली. गाडीचं दार लागलं.

हँगरच्या कोपऱ्यात एक नळ होता, विमानं धुण्याचा. आत चहा आला होता, हर्षद हाका मारत होता. आत्माराम आत गेला नाही. त्याने बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि नळ सोडून हात धुतले, तोंड धुतलं, मग सावकाश पायांवर पाणी घेतलं.

मृणाली छत्री घेऊन धावत आली. "सर, अहो, नखशिखांत भिजलाय की आधीच. काय करताय?"

"तसंच आत जायचं नसतं," आत्माराम म्हणाला. "पोचवून आलोय."

 मृणालीने छत्री मिटून भिंतीला टेकवली, बूट काढले आणि त्याच्या शेजारी नळाखाली पाय धरले.