ओठ लागलेला पेला

मी एक जुना पितळी पेला आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागीट आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. छत्र्या काय, खुर्च्या काय, सगळ्यांना सगळ्यांची क्षमा करून टाकायची घाई झालेली असते. मला नाही झालेली. माझ्याशी कोण कसं वागलं ते मला चांगलं आठवतं, आणि तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म कुंभकोणमच्या एका कासाराच्या दुकानात झाला. पत्रा ठोकून मला गोल केलं, आतून कल्हई केली आणि माझी कड बाहेरच्या बाजूला वळवली. ही कड अशी का वळवतात, ठाऊक आहे? पेला उंच धरून कॉफी वरून घशात ओतता यावी आणि ओठ लागू नये म्हणून. ओठ लागला की पेला उष्टा झाला. आमच्याकडे तमिळमध्ये त्याला एच्चिल म्हणतात, आणि एच्चिल म्हणजे महापाप.

मला विकत घेतलं गोदाबाईंनी. मराठी राजांच्या काळात महाराष्ट्रातून इकडे येऊन राहिलेलं त्यांचं घराणं. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांना दोन मुलगे, जयतीर्थ मोठा आणि मुरारी धाकटा. बाईंनी दोन सारखे पेले घेतले आणि बुडाशी अक्षरं कोरून घेतली. एकावर ‘ज’, माझ्यावर ‘मु’. आम्ही दोघे एकाच पत्र्यातून निघालेलो, फळीवर शेजारी शेजारी बसायचो. ‘ज’ फार शिस्तीचा होता, मी आपला थोडा आवाज करायचो.

मुरारी लहानपणी मला डोक्यावर पालथा घालून राजा व्हायचा आणि हातात धरून ऋषी व्हायचा. मोठा झाल्यावर तो पापनाशमच्या रेल्वे स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत बसायला लागला, आणि दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात नाटकं लिहायला लागला. नवरात्रात आपल्या मराठी लोकांच्या हॉलमध्ये त्याची नाटकं व्हायची. देवांची भांडणं, राण्यांचे रुसवे, हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. जयतीर्थ तेव्हा ऑडिटर झाला होता. पहिल्या रांगेत बसून तो शेजाऱ्याला सांगायचा, “माझा भाऊ हाय.” त्या वेळी तो मला आवडायचा, हेही सांगून टाकतो.

मग कृष्णकुमार आला. पापनाशममध्ये त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि नाटकाला दिवे तो लावायचा. तालीम झाली की तो आणि मुरारी आमच्या गच्चीवर येऊन बसत. आणि एका संध्याकाळी मुरारीनं मला उंच धरलंच नाही. त्यानं माझ्या कडेला ओठ लावला. अर्धी कॉफी प्यायला आणि मला कृष्णकुमारच्या हातात दिलं. कृष्णकुमारनं मला फिरवलं, बरोबर तीच जागा शोधली आणि तिथंच ओठ लावला. मी पितळेचा आहे मित्रांनो, तरी सांगतो, मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मग ते रोजचंच झालं.

बाकी सगळीकडे ते दोघे जपून वागायचे. रस्त्यानं हातभर अंतर ठेवून चालायचे, देवळात एकमेकांकडे बघायचेही नाहीत. पण कॉफीला कोण जपतो? एक दिवस जयतीर्थची बायको, वरलक्ष्मीवैनी, वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, गोळा करायला गच्चीवर आली आणि तिनं पाहिलं. त्या घरात एकाचं उष्टं दुसऱ्यानं घ्यायची मुभा जन्मात एकदाच असे. लग्नाच्या दिवशी नवरी नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवायला बसते, तेव्हा. वैनी स्वतः तशी बसली होती. त्यामुळे तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

“ऐय्यो! एच्चिल!” ती किंचाळली आणि वडाम सगळे खाली सांडले.

जयतीर्थ ओरडला नाही. तो कधीच ओरडत नसे, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. त्यानं मुरारीला समोर बसवून अगदी मऊ आवाजात सांगितलं, “लोकांना कळू नक्को. तू घरांतच ऱ्हा, कोण जा म्हणतंय? तुझा पेला तेवढा वेगळा असू दे.”

मला फळीवरून उचलून मागल्या अंगणाच्या खिडकीत ठेवलं. फळीवर माझ्या शेजारी ‘ज’ होता. त्यानं हूं की चूं केलं नाही. त्या खिडकीत पूर्वीपासून नारळ उतरवायला येणाऱ्या माणसाचा वेगळा पेला असायचा. इतकी वर्षं तो तिथं होता, पण मुरारीला तो दिसला त्याच दिवशी. आता वैनी आतून हात लांब करून, भांडं न टेकवता, उंचावरून माझ्यात कॉफी ओतायची. निम्मी बाहेर सांडायची. सांडू दे म्हणायची.

पुढं कल्हईवाला आला. घरातली सगळी भांडी अंगणात गेली आणि चकचकीत होऊन परत आली. मला कुणी नेलं नाही. वैनी मला विसरली असं ती म्हणाली. मी तिच्या डोळ्यांसमोर खिडकीत होतो हो! कल्हई उडालेल्या पितळेत आंबट घातलं की ते कळकतं, विष होतं. हे तिला ठाऊक नव्हतं? आणि तिनं माझ्यात ताक ओतलं. मुरारी रात्रभर ओकत होता आणि मी खिडकीत हिरवा पडून होतो. त्याच्या पोटात ते विष माझ्यातून गेलं. ती रात्र मी त्या नवराबायकोला कधीच माफ करणार नाही.

उठायची ताकद आल्यावर मुरारीनं मला उचललं आणि उंबऱ्यावर उभा राहिला. म्हणाला, “अण्णा, आज शेवटचं अण्णा म्हणतोंय. या पेल्याला तुमचा ओठ लागेल, त्या दिवशी परत म्हणेन.” जयतीर्थनं पेपर वर केला आणि तोंड झाकलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. मला त्या माणसाचा ओठ हवा होता. पोळला तर उत्तमच.

पापनाशमला कृष्णकुमारच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही तिघे राहू लागलो. कृष्णकुमारनं पहिलं काम केलं ते मला कल्हई करून आणण्याचं. मुरारीनं देवांची भांडणं सोडून दिली आणि नवं नाटक लिहिलं, ‘बाहेरचा पेला’. त्यात मी होतो. शेवटच्या प्रवेशात नट मला वाफाळत्या कॉफीनं भरून प्रेक्षकांसमोर धरायचा आणि विचारायचा, “कोण पिणार?” बस्स, पडदा पडायचा नाही. कुणीतरी येऊन पिईपर्यंत सगळे तसेच उभे. कुठं लोक उठून गेले, कुठं शिव्या आल्या. तिरुप्पनंदाळला तर कुणीतरी मधेच वीज तोडली. कृष्णकुमारनं सामानाचा टेम्पो स्टेजसमोर आणला, त्याचे दिवे लावले आणि नाटक पुरं केलं. त्या उजेडात मी असा झळकलो म्हणता! शेवटी एक म्हातारी पदर खोचून वर आली आणि ओठ लावून सगळी कॉफी प्यायली. मला म्हणाली, “साखर कमी आहे रे.”

मग मुरारीची नाटकं तमिळमध्ये गेली, मद्रासला गेली, लोक नाव घ्यायला लागले. ‘दोन नवरदेव, एक मांडव’ बघायला तर लांबलांबून माणसं यायची. आणि जी माणसं नाटक संपल्यावरही घरी जात नसत, खुर्चीत रडत बसत, ती रविवारी आमच्या खोलीवर येऊ लागली. कुणाला घरातून काढलेलं, कुणाला मांत्रिकाकडे नेलेलं. मुरारी त्यांना वकील गाठून द्यायचा, त्यांच्या घरी जाऊन आईबापांच्या शिव्या खायचा. तिरुविसनल्लूरच्या शिवरंजनीचं तिच्या मनाविरुद्ध लग्न लावायला निघाले, तेव्हा मुरारीनं मंगल कार्यालयासमोर भर दुपारी आपलं नाटक सुरू केलं. नवऱ्याकडची मंडळी बाहेर येऊन बघत बसली आणि मुलीच्या मनात काय आहे ते कळलं तसं वऱ्हाड परत गेलं. पोलिसांनी मुरारीला नेलं, पुरावा म्हणून मलाही नेलं. रविवारी जो येई त्याला कॉफी माझ्यातूनच मिळे, सगळ्यांनी ओठ लावूनच प्यायची. दिल्लीच्या न्यायालयानं अशा प्रेमाला गुन्हा ठरवणारा तो जुना कायदा रद्द केला त्या दिवशी तर मी खाली बसलोच नाही, या हातातून त्या हातात. किती ओठ लागले! पण एक लागला नव्हता.

आणि यंदा जयतीर्थ आला.

मुरारीला नाटकांसाठी मोठा पुरस्कार मिळाला होता. फोटो छापून आला, तसे आपल्या लोकांना तो एकाएकी आपला वाटू लागला. त्याच जुन्या हॉलमध्ये सत्कार करायचं ठरलं आणि आमंत्रण घेऊन थोरल्या भावाला पाठवलं. जयतीर्थ आता पार म्हातारा झाला होता. काठी टेकत आत आला, खुर्चीत बसला.

“या, ऑडिटर सार,” मुरारी म्हणाला.

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. मला काय गंमत वाटली म्हणून सांगू!

त्यानं आमंत्रण सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, “भाषणांत नाटकाविषयी बोल. ते दुसरं नक्को. आणि कृष्णकुमार खाली बसूं दे, लोकांत.”

मुरारी हसला. “आधी कॉफी घ्या, सार.”

कृष्णकुमारनं कॉफी करून माझ्यात ओतली. मी मुद्दाम चांगला तापलो. जयतीर्थनं मला हातात घेतलं, बुडाशी ‘मु’ पाहिला आणि ओळखलं. आणि मग त्या लबाडानं काय करावं? जन्माची सवय! त्यानं मान मागं टाकली आणि मला उंच धरलं. ओठ न लावता पिऊन सुटणार होता तो! माझ्या जिवाचा नुसता संताप झाला.

पण त्याचा हात थरथरायला लागला. सगळी कॉफी हनुवटीवर, शर्टावर, वेष्टीच्या पांढऱ्या धोतरावर सांडली. तो चटका बसून कळवळला. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू?

“ओठ लावून प्या की,” मुरारी म्हणाला. “का? मग वैनी तुमचा पेला कुठं ठेवेल, त्याची भीती वाटते?”

हे वाक्य त्यानं एवढी वर्षं मनात धार लावून ठेवलं होतं. जयतीर्थनं बाहीनं हनुवटी पुसली. मग म्हणाला, “खिडकींतच हाय रे माझा पेला.”

“काय?”

“हात कांपतात. वरून ओतून पितां येत नाही. ओठ लागतो, उष्टं होतं.” तो माझ्याकडे बघत बोलत होता. “वरलक्ष्मीनं खिडकींत ठेवला. लांबूनच ओततीये. अस्के बघतात, घरांतले सगळे, कोण काय बोलत नाही.”

म्हणजे माझा सूड त्या बाईनं परस्पर घेऊन टाकला होता! मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मला राग आला. तो सूड माझा होता. मग कृष्णकुमार उठला, ज्याला स्टेजवर चढू द्यायचं नव्हतं तोच. त्यानं मला पुन्हा भरलं, म्हाताऱ्याचा थरथरता हात आपल्या हातात धरला आणि माझी कड त्याच्या ओठाला लावली. जयतीर्थ प्यायला. लहान मुलासारखा, आवाज करत, सगळी प्यायला. मी त्याला पोळलं नाही. का नाही, ते मला विचारू नका.

“अण्णा,” मुरारी म्हणाला. “आतां असंच हॉलमध्ये प्यायचं. स्टेजवर. अस्क्यांसमोर.”

“वरलक्ष्मी पहिल्या रांगेंत असणार.”

“म्हणून तर.”

आणि झालं तसंच. भरल्या हॉलमध्ये मुरारी जे बोलायचं ते सगळं बोलला, काही गाळलं नाही. मग स्टेजवर मधल्या खुर्चीत बसलेल्या कृष्णकुमारनं मला जयतीर्थच्या ओठाला लावलं. मी वैनीकडे टक लावून पाहत होतो. ती उठली आणि मान वळवून निघून गेली. जाईना का!

दुसऱ्याच दिवशी जयतीर्थ काठी टेकत पुन्हा आमच्या दारात आला. वेष्टीच्या सोग्यात त्यानं काहीतरी गुंडाळून आणलं होतं. तो ‘ज’ होता. काळपट, आतून हिरवा पडलेला. कृष्णकुमारनं त्याला कल्हई करून आणलं. आता रोज दुपारी दोघे भाऊ कॉफी पितात आणि ‘ज’ फळीवर माझ्या शेजारी बसतो. मी अजून त्याच्याशी बोलत नाही. बोलेन कधीतरी, मला घाई नाही.

मित्रांनो, पितळी भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई करा, एवढंच मागणं होतं. आणि आज घरी गेलात की मागच्या खिडकीत जरा बघा. तिथं कुणाचा पेला वेगळा ठेवलेला असेल तर आत आणा. माझ्यावर दया म्हणून नका आणू. हात तुमचेही एक दिवस थरथरणार आहेत.