अबुजरचे हात

"गाणी-बिणी लावू नका," लाइबानं दुकानात शिरताच सांगून टाकलं. "ह्या पेनड्राइव्हवरचेच व्हिडिओ लावून दाखवा."

ती विकत घ्यायला आली होती तो जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर काउंटरवर होता. वीज इतकी कमी खायचा, की घरातल्या छोट्या बॅटरीवरही चालला असता. त्या दुष्काळाच्या वर्षी चिकलठाण्यात त्यांच्या गल्लीला टँकरशिवाय पाणी नव्हतं, विजेचाही भरवसा नव्हता. चौफेर नव्या इमारती मात्र उठतच होत्या. टीव्ही घरात होता. मोतीबिंदूमुळे अम्मीला, जैतुनबीला, गेल्या काही महिन्यांपासून फोनवरचं दिसेनासं झालं होतं. मोठ्या पडद्यावर तिला अबुजर दिसावा, म्हणून हा सगळा खटाटोप.

अबुजर लाइबाचा धाकटा भाऊ. अम्मीसारखंच त्यालाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात तिघंही हातांनीच बोलत. पैठणकडे विहिरी खोल करायची कामं निघाली, तेव्हा मुकादम साहेबरावांना गाठून लाइबानंच त्याला कामाला लावलं. तिथून तो स्वतःचे व्हिडिओ काढून अम्मीला पाठवायचा. एक दिवस विहिरीची कड ढासळली. वरचे सगळे जीव तोडून ओरडले, खालचे पळाले. अबुजर पाठमोरा खणत राहिला.

त्यानंतर अम्मीनं आपला फोन कुणाच्या हाती दिला नव्हता. लाइबानं ती झोपलेली असताना त्यातले व्हिडिओ काढून घेतले होते.

दुकानदार सुयशनं पहिला व्हिडिओ लावला. अबुजर पडद्यावर आला आणि अडखळायला लागला. छातीशी असलेला हात एकदम कपाळाशी. मधलं सगळं गायब.

"आवाज तर झकास येतोय की, ताई."

"आवाजाचं काय करू? माझा भाऊ हातांनी बोलतोय. मधलं गेलं, की शब्दच गेला."

सुयश वरमला. त्यानं दुसरा प्लेअर टाकला, कसल्याशा सेटिंग बदलल्या, पुन्हा लावून पाहिलं. तरी अडखळणं थांबेना. "व्हिडिओ भारी क्वालिटीचा आहे आणि हे यंत्र लहान. थांबा, सगळा भार ग्राफिक्सच्या चिपवर टाकून बघतो."

आणि अबुजर सुरळीत बोलायला लागला. कामावरच्या स्वयंपाक्याच्या चालीची नक्कल केली, डाळीत पाणी किती ते दाखवलं. लाइबा हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

शेवटच्या व्हिडिओत त्यानं डोक्याला लाल गमछा बांधला होता. हात घाईत होते. *विहिरीच्या कडेची माती गळते. मुकादमाला दाखवलं. त्याला माझे हात कळत नाहीत. लाइबाला सांग, तिनं त्याच्याशी बोलावं.*



"ताई, काय म्हणतोय तो?" सुयशनं हळूच विचारलं.

"हा एवढा काढून टाका," ती म्हणाली. मग लगेच, "नको. राहू द्या."

घरी तिनं यंत्र टीव्हीला जोडलं आणि अम्मीला पडद्याच्या अगदी पुढ्यात बसवलं. अम्मीनं एकेक व्हिडिओ पाहिला, डाळीपाशी गदगदून हसली. शेवटचा यायच्या आधी लाइबानं बंद केलं.

*झाले. एवढेच आहेत.*

अम्मीनं कपाळाभोवती बोट फिरवलं. *लाल गमछावाला. तो लाव.*

लाइबा तिच्याकडं वळली. *तुला ठाऊक होतं?*

*तिथं रेंज नव्हती, त्याचा फोन इथं आणल्यावर हा सुटला. दफन करून आले सगळे, तेव्हा माझ्या फोनवर आला,* अम्मी सावकाश सांगत होती. *कामाला तू लावलं होतंस. हे पाहिलं असतंस तर तू जगली नसतीस. म्हणून फोन उशाशी ठेवला.*

लाइबा भराभरा बोलायला लागली. *मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं. एकदा तरी जाऊन यायला हवं होतं. मुकादमाला सांगायला हवं होतं, की ह्याला...* अम्मीनं तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले. त्या घरात कुणी कुणाचे हात असे धरत नसे. हात धरले, की बोलणंच बंद.

लाइबानं सोडवायचा प्रयत्न केला, पण अम्मीनं सोडले नाहीत. दोघी तशाच बसून राहिल्या, लाइबा हुंदके देत, अम्मी कोरड्या डोळ्यांनी. पुष्कळ वेळानं अम्मीची मूठ सैल झाली.

*लाव आता,* ती म्हणाली. *दोघी मिळून बघू. एकटीनं लई वेळा पाहिलाय मी.*