धाकटीच्या हातचं तेल

हरमातानचे कोरडे वारे सुटले की इबादान शहरात सगळ्यांचेच ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. आसाबीचं डोकं कोंड्याने फुटायचं. यंदा तर कहर झाला होता. ओजे बाजारात ती निळीची कापडं विकायची, आणि निळीच्या कापडावर कोंडा जितका उठून दिसतो तितका दुसऱ्या कशावरही दिसत नाही. परवाच एका बाईने घडी उलगडली, दोन बोटांनी कापड झटकलं आणि एक शब्द न बोलता शेजारच्या दुकानात गेली. ते आसाबीच्या जिव्हारी लागलं.

बाजारात वेण्या घालून देणाऱ्या बाईपुढे डोकं उघडायची सोय नव्हती. तिने सकाळी पाहिलं की दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळणार. लेक होती तोवर प्रश्न नव्हता, पण ती लग्न होऊन इलोरिनला गेली. या दाट कुरळ्या केसांना कुणीतरी बारीक भांग पाडत गेल्याशिवाय तेल कातडीपर्यंत पोचत नाही, वरच्यावर राहतं. आणि मागचं डोकं स्वतःचं स्वतःला काही दिसत नाही. मग घरात उरली कोण? सवत.

नवरा, लामीदी, कानोच्या रस्त्यावर लॉरी चालवायचा. दुसरं लग्न केलं, थोरलीच्या समजुतीसाठी भारीतलं लुगडं आणून दिलं आणि एका अंगणात दोन बायका ठेवून पुन्हा गाडीवर निघून गेला. धाकटी सिदिकात स्वभावाने गोड होती, आणि आसाबीला नेमका त्याचाच राग होता. कजाग असती तर बरं झालं असतं. निदान तिच्या पोटात काय आहे ते तोंडावर आलं असतं.

"थोरल्या आई, या, बसा," एक दिवस सिदिकात म्हणाली. "आईने गावाहून आदीन पाठवलंय. लावून देते तुमच्या डोक्याला."

आदीन म्हणजे पामच्या बिया भाजून काढलेलं काळं, धुरकट तेल. इकडच्या प्रत्येक घरात ते असतं. सिदिकातकडे दोन सारख्या बाटल्या होत्या, आणि एकीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला होता. तिने तीच उचलली.

"ती दुसरी कुणाची?" आसाबीने विचारलं.

"माझी नि तावाची. ही तुमची."

तावा म्हणजे सिदिकातचं रांगतं पोर. दोरा कशाला, हे आसाबीने विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण संशयी माणूस विचारत नाही, फक्त बघत राहतो.

ती धाकटीच्या गुडघ्यांमध्ये बुटक्या स्टुलावर बसली. माणसाचं नशीब डोक्यात असतं, डोकं कुणाच्याही हाती देऊ नये, असं तिची आई सांगायची. इथे तर ते सवतीच्या हातात होतं.

"अगंबाई, केवढे पापुद्रे!" सिदिकात भांग पाडत म्हणाली. "तुम्ही नुसतं तेलावर तेल थापत गेलात. तेलाने कोंडा झाकतो, जात नाही. हे लावायचं, जरा मुरू द्यायचं, मग काळ्या साबणाने खळखळून धुवायचं."

"मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून केस आहेत मला."

"केस आहेत म्हणून तर कोंडा आहे हो. टकलीला कुठला?"

आसाबीला हसू आलं, ते तिने गिळलं. तेल टाळूला लागलं तसं चुरचुरलं, आणि एक कडवट वास आला. आदीनला असा वास नसतो. फणीत गुंतलेले केस सिदिकातने गोळा करून मुठीत घेतले, तशी आसाबीने मागे हात पसरला.

"ते इकडे दे."

"चुलीतच टाकत होते."

"मी टाकते." आपले गळलेले केस दुसऱ्याच्या हाती राहू देण्याइतकी ती खुळी नव्हती. मुठीत होते तेवढे सगळे मिळाले का, हा विचार मात्र तिला जेवतानाही सोडेना.

डोकं धुतल्यावर खाज थोडी बसली होती. तेवढ्यावर गप्प राहावं की नाही? पण तिने ती गोष्ट बाजारात शेजारच्या रिस्काच्या आईजवळ काढली. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच.

"आदीन? आणि सवतीच्या हातून?" रिस्काची आई गाल फुगवून म्हणाली. "अगं, एशूला आदीनचा किती तिटकारा! बाजाराच्या तोंडाशी त्याचा दगड, आणि तू तेच डोक्याला माखून रोज त्याच्यासमोरून येतेस? मग गिऱ्हाईक का पळणार नाही?"

"आदीन काय, सगळीच लावतात."

"पोरांना लावतात. सवतीने सवतीला लावलेलं तू कधी पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. आसाबी पाचही वेळा नमाज पढायची. पण एशू या जुन्या, कोपिष्ट देवाच्या त्या दगडाला वळसा घालूनच पुढे जायची. त्या संध्याकाळी तिने कडवट वास, टाळूची चुरचुर, लाल दोरा आणि मुठीतले केस असं सगळं मनात एकापुढे एक मांडलं. मनात आधीच ठरलेलं असलं की पुरावे आपणहून रांगेत उभे राहतात. ही गोडबोली आपला केसाने गळा कापणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सिदिकात पाणी भरायला गेली, तेव्हा आसाबीने फळीवरच्या बाटलीचा लाल दोरा सोडला आणि दुसरीच्या गळ्यात बांधला. होऊ दे, म्हणाली, जिचं तिला. 

सिदिकातला त्या वाऱ्यांनी सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, वास कसला येतो तिला! आता बिनदोऱ्याच्या झालेल्या बाटलीतलं तेल तिने आपल्या वेण्यांच्या मधल्या रेषांना निवांत चोळलं. त्यानंतर आसाबी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवून राहिली. उशीवर केस पडतात का? ती डोकं धरून बसते का? काही नाही. धाकटी गात होती, कसावा किसत होती, पोराला पाठीशी बांधून झाडत होती. इकडे आसाबीने पुन्हा डोकं तिच्या हाती दिलं नव्हतं, आणि खाज पहिल्यापेक्षा वाढली. तोही तिला पुरावाच वाटला.

मग एका सकाळी तावा तापली. डोळे अर्धे मिटलेले, अंग भट्टीसारखं. सिदिकातने अंगणात चटई टाकली, बिनदोऱ्याची बाटली आणली आणि पोराचे तळवे चोळण्याआधी चमचाभर तेल कोमट केलं. ताप डोक्यात चढून झटके येऊ नयेत म्हणून इथे आया पोरांच्या अंगाला आदीन लावतात आणि थोडं पाजतातही. आसाबीलाही तिच्या आईने पाजलं होतं.

आसाबी समोर कापडांच्या घड्या घालत होती. चमचा पाहून तिचे हात थांबले. बोललं तर सगळं उघडं पडणार. आणि नाही बोललं तर? त्या तेलात काही नसेल, नसेलच, धाकटी असं कशाला करेल? इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला आपला संशय खोटा ठरावा असं मनापासून वाटलं. पण खात्री होत नव्हती, आणि चमचा पोराच्या ओठाला टेकला होता.

ती धावली. चमचा उडून मातीत पडला.

"ते नको पाजूस! ते तुझं नाही, माझं आहे. मी दोरा बदललाय."

सिदिकातने आधी पोराचं तोंड फडक्याने आतून बाहेरून पुसलं. मग बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"यात निंबोळीचं तेल आहे," ती हळू म्हणाली. "कोंड्यासाठी आईने मुद्दाम मिसळलं. चुकूनही पोराच्या पोटात जाऊ देऊ नकोस म्हणाली, म्हणून तर तिने दोरा बांधून दिला." तिने बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "का बदललात?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? बोला की, थोरल्या आई."

"वाटलं, तू त्यात काहीतरी घातलंयस. माझे केस जावेत, माझा धंदा बसावा म्हणून."

सिदिकात रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर आसाबीला सोपं गेलं असतं. ती फक्त बघत राहिली.

"मग ओतून का नाही दिलंत?"

आसाबीला प्रश्न कळला. मोरी चार पावलांवर होती. तेल वाईट आहे असं वाटलेला माणूस ते मोरीत ओततो. तिला तसं सुचलंच नव्हतं. तिला सुचलं होतं ते दुसरीचं डोकं.

"मला तुमच्याबद्दल असं काही कधी वाटलं नव्हतं," सिदिकात म्हणाली आणि पोर उचलून दवाखान्यात निघून गेली.

ताप मलेरियाचा निघाला, औषधाने उतरला. लामीदी आला, लेकीला खेळवून पुन्हा लॉरीवर गेला. सिदिकातने त्याला काहीच सांगितलं नाही. ती शेजारीही बोलली नाही, की माहेरीही नाही. आसाबीसमोर ती जेवणाची थाळी ठेवायची, "या" म्हणायची, पण त्यापुढे बोलायची नाही. त्या गप्पपणाची आसाबीला धास्ती वाटू लागली. खाज तर आता कानामागे उतरली होती, आणि बाजारात ती गिऱ्हाइकापासून हातभर लांब उभी राहायची.

मग एका शुक्रवारी दुपारी सिदिकात अंगणात बसली, मांडीवर फणी, बाजूला नवी बाटली.

"या, थोरल्या आई. कोंडा अर्ध्यावर सोडला की दुप्पट होतो."

आसाबी दारात उभी राहिली. तिने धाकटीचा चेहरा नीट पाहिला, आणि त्यावर तिला काहीच वाचता येईना. इतके दिवस ती उगाचच भ्याली होती. आता भ्यायला कारण होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पुरवलं होतं. बाटलीत काय आहे, हा प्रश्न ओठांपर्यंत आला. पण तो विचारायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे तिला समजत होतं.

तिने डोईचं फडकं सोडलं, धाकटीच्या गुडघ्यांमध्ये बसली आणि मान खाली घातली.