खुशालरावांचा तीळ

गेल्या सात महिन्यांत मी माझा पूर्ण चेहरा पाहिलेला नाही. आमच्या कपाटाच्या आरशावर आईनं वेल रंगवला आहे, वेलावर दोन पोपट आहेत, आणि ते नेमके अशा उंचीवर बसलेत की माझ्या वाट्याला हनुवटी आणि डावा कान एवढंच येतं. दाढी मी अंदाजानं करतो. बाथरूमच्या आरशावर मोर आहे. मोराबद्दल मी काही बोलणार नाही.

माझ्या बहिणीचं, दामिनीचं, लग्न अकोल्याच्या रोहितशी ठरलं आणि त्याच आठवड्यात आईनं आमच्या अमरावतीतल्या पौर्णिमा मॅडमच्या छंदवर्गात नाव घातलं. काचेवर रंगकाम, तीन महिने, साहित्य आपलं. लग्नात मांडायचं रुखवत विकत आणायचं नाही, सगळं घरी करायचं, असं तिनं जाहीर केलं. बाबा हो म्हणाले. बाबा पेपर वाचताना कशालाही हो म्हणतात.

त्यानंतर घरात जे झालं त्याला मी कला म्हणत नाही. काळी रेघ काढायचे कोन मेंदीच्या कोनासारखेच असतात, पण त्यांचा वास पंक्चरच्या दुकानात कोणी नेलपॉलिश सांडावी तसा येतो. कोनाचं तोंड वाळू नये म्हणून त्यात टाचणी खुपसतात. ह्या टाचण्या मला दोनदा वरणात सापडल्या. उघडे कोन फ्रीजच्या दारात, दह्याच्या शेजारी. दह्याला निळसर झाक आली तेव्हा आई म्हणाली की तो फ्रीजचा उजेड आहे. मोराच्या मानेत तिचा एक लांब पांढरा केस चिकटून वाळला, तर म्हणाली, "राहू दे, पिसासारखा दिसते." पाहुणे तो केस बोटानं निघतो का ते पाहत, आणि त्याच बोटांनी चिवडा खात.

पण आईला रंगकामाचं वेड का लागलं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो. तिच्या स्वतःच्या लग्नातलं रुखवत तिनं दीड वर्ष खपून केलं होतं. काड्यापेटीच्या काड्यांचा बंगला, मण्यांचा पोपट, कापसाचा ससा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझी आजी म्हणाली, छान आहे, वर ठेवू. वर म्हणजे माळ्यावर. अठ्ठावीस वर्षं झाली. मध्ये एकदा पेटी उघडली तर उंदरांनी बंगल्यात संसार थाटला होता आणि ससा खाऊन टाकला होता. आईनं पेटी बंद केली आणि एवढंच म्हणाली की दामिनीचं असं होऊ द्यायचं नाही. पोरीच्या रुखवतातली एक तरी वस्तू तिच्या सासरच्या भिंतीवर लागली पाहिजे. एकच. बाकीचं उंदरांनी खाल्लं तरी चालेल.

म्हणून तिनं अशी वस्तू ठरवली जी माळ्यावर टाकायची कोणाची हिंमत होणार नाही: रोहितचे आजोबा, कैलासवासी खुशालराव.

रोहितनं मोबाईलवर त्यांचा फोटो पाठवला. फेटा, बंद गळ्याचा कोट, गालांच्या बाहेर गेलेल्या मिशा, उजव्या गालावर तीळ. आईनं दोन फूट बाय तीन फुटाची काच आणली आणि ती आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. पुढचे बारा दिवस आम्ही खुशालरावांच्या कोटावर ताटं ठेवून जेवलो.

काचेच्या रंगांत लाल, हिरवा, निळा, जांभळा सगळं मिळतं, माणसाच्या कातडीचा रंग मिळत नाही. फेटा आणि कोट आईनं चांगल्या रंगांनी भरले. चेहऱ्यासाठी तिनं दामिनीच्या आठवीतल्या पोस्टर कलरच्या बाटल्या काढल्या. झाकण उघडल्यावर मेलेल्या पालीचा वास आला. तिनं त्यात पांढरा गोंद घातला, पाणी घातलं, बोटानं ढवळलं आणि खुशालरावांचा गाल भरला. रंग वाळायला काच अंगणात ठेवली. अंगणात आचारी बुंदी पाडत होता. पाक होता, म्हणजे माश्या होत्या. संध्याकाळी पाहतो तर खुशालरावांच्या उजव्या गालात एक माशी रुतून वाळलेली.

मी आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, मोबाईलमधला फोटो पाहिला, काच पाहिली.

"तीळ तिथंच होता," आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, तिला पंख आहेत.

"कोण पाहून राहिलं इतक्या जवळून? चांगला बसला जागेवर. मले जमला नसता असा."

आणि तिनं माशीवर काळ्या रंगाचा एक थेंब टाकला. माशी संपली, तीळ झाला. मी त्या रात्री जेवलो नाही. बाबा जेवले.

खरा घोटाळा लग्नाच्या आदल्या दिवशी कळला. पौर्णिमा मॅडम काच पाहायला आल्या. त्यांनी ती उचलली आणि सुलटी केली. काचेवरचं चित्र मागच्या बाजूनं रंगवायचं असतं आणि पुढून पाहायचं असतं. म्हणून त्यात सगळं उलट्या क्रमानं चालतं: आधी डोळे, भुवया, मिशा, आणि मग त्यांच्यावरून कातडीचा रंग. आई तीस वर्षं दारात रांगोळी काढते. रांगोळीत आधी रंग भरतात आणि डोळे शेवटी ठेवतात. आईनं खुशालराव रांगोळीसारखे काढले होते. आधी पूर्ण चेहरा गुलाबी भरला, मग त्यावर डोळे. मागून पाहिलं तर खुशालराव होते. पुढून पाहिलं तर फेट्याखाली सोललेलं उकडलेलं अंडं, आणि अंड्याच्या दोन्ही बाजूंना मिशीची दोन टोकं.

पौर्णिमा मॅडम म्हणाल्या की आता काही करता येत नाही. आईचा चेहरा त्या अंड्यासारखाच झाला. मग तिनं काच परत उलटी केली. रंगाची बाजू पुढे, गुळगुळीत बाजू मागे. मॅडम म्हणाल्या की असं लावत नाहीत, रंग उघडा पडतो, हात लागला तर निघतो. आई म्हणाली, भिंतीवर उंच लावल्यावर कोण हात लावते?

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवताच्या टेबलावर खुशालराव मधोमध उभे होते, लाकडी घोडीवर. बाजूला आणखी एक मोर, तोही काचेवरचा. मी टेबलापासून चार हात लांब उभा राहिलो, कारण गोंद, पाक आणि जुना पोस्टर कलर यांचा मिळून एक वास येत होता आणि पाहुण्यांना वाटत होतं तो जेवणाचा आहे.

विहीणबाई, म्हणजे रोहितची आई लीलाबाई, आल्या. त्यांनी सगळं नीट पाहिलं. सासऱ्यांच्या चित्रापुढे सवयीनं डोक्यावर पदर घेतला. आई श्वास धरून उभी होती. लीलाबाई म्हणाल्या, "लई सुंदर केलं बाप्पा. वर ठेवू."

आईचा श्वास तसाच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी मोराकडे पाहिलं, यावरून काय ते समजा.

एवढ्यात रोहितची आजी आली, सुंदराबाई. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे दुखरे, पण रुखवत पाहायचंच म्हणून दोघांच्या आधारानं टेबलापर्यंत आल्या. नवऱ्याचं चित्र त्यांनी फेट्यापासून कोटापर्यंत पाहिलं. मग पाण्याचा गिलास मागितला. आम्हाला वाटलं पिण्यासाठी. पण त्यांच्या घरची रीत अशी की शुभकार्यात वडीलधाऱ्यांच्या फोटोला गंध लावतात, आणि पुसल्याशिवाय गंध लावत नाहीत. सुंदराबाईंनी पदराचं टोक गिलासात बुडवलं, पिळलं आणि खुशालरावांचं कपाळ पुसलं.

आई "नका" म्हणाली, पण इतकी हळू की ते फक्त मला ऐकू आलं.

कपाळासोबत एक भुवई गेली. सुंदराबाईंनी पदर पाहिला. गुलाबी. त्यांना वाटलं धूळ आहे, म्हणून जोरात पुसलं. उजवा डोळा खाली ओघळला आणि मिशीत जाऊन थांबला. गाल लोण्यासारखा सरकला. पदराच्या टोकाला तीळ लागला. त्यांनी तो तीळ चिमटीत धरला, डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला. काळा रंग पाण्यानं सुटला होता.

"सुनबाई," सुंदराबाई लीलाबाईंना म्हणाल्या, "याच्या तिळाले पाय हायेत."

मांडवात माणसं थांबली. एका बाईनं हातातला लाडू परत ताटात ठेवला, आणि तो दुसऱ्या बाईनं उचलला. खुशालराव अर्ध्या चेहऱ्यानं आमच्याकडे पाहत होते, गळणाऱ्या डोळ्यानं, जसं काही जेवणात टाचणी आली.

लीलाबाई टेबलाच्या मागच्या बाजूला गेल्या, बहुतेक काच उचलून झाकायला. सुंदराबाई म्हणाल्या की थांब, माणूस असा अर्धा ठेवणं बरं नाही. आणि त्यांनी शांतपणे, भांडं विसळावं तसा, उरलेला नवरा पुसून काढला. गिलासातलं पाणी सरबतासारखं गुलाबी झालं. फेटा राहिला, कोट राहिला, मिशीची दोन टोकं राहिली. मधली काच लख्ख.

आणि त्या लख्ख काचेत, बरोबर फेट्याखाली, मिशांच्या मधोमध, मागे उभ्या असलेल्या लीलाबाईंचं तोंड आलं.

लीलाबाईंनी सव्वीस वर्षं त्या फेट्यासमोर मान वर केली नव्हती. आता त्या फेट्यातून आमच्याकडे पाहत होत्या आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. "काहून हसून राहिले सगळे?" त्यांनी विचारलं, तर खुशालरावच बोलल्यासारखे वाटले. सुंदराबाईंनी गुडघ्यांवर हात मारला. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"लीले," त्या म्हणाल्या, "तुले शोभते."

पुढचा तासभर रुखवतापाशी रांग होती. वऱ्हाडी मंडळी काचेमागे जाऊन फोटो काढत होती. परतवाड्याच्या एका मामांनी काचेला नाक लावलं आणि वाळत्या शेंबडाचा ठसा ठेवून गेले. त्यावर पुढच्यानं नाक लावलं. मी मोजत होतो. एकोणीस नाकं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दामिनीच्या पाठवणीआधीच रडून घेत होती. बाराही दिवसांचं काम एका पदरानं गेलं होतं, आणि जे उरलं ते कोण भिंतीवर लावणार? मागे उभं राहायला जागाच नसते भिंतीला.

आठव्या दिवशी मी दामिनीला माहेरी आणायला अकोल्याला गेलो. आईनं एकच काम सांगितलं होतं: काच कुठं आहे ते पाहा आणि फोटो पाठव. मूर्तिजापूर येईपर्यंत तिचे तीन फोन आले.

बैठकीच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि एका बँकेचं कॅलेंडर. मी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीवरचा माळा पाहिला. रुखवतातला मोर वर गेला होता, पालथा. त्याचं मला दुःख झालं नाही. काच मात्र तिथंही नव्हती. दामिनीला विचारलं, तर ती म्हणाली की मागच्या अंगणात जा, सासूबाई चहा करून राहिल्यात, त्यांनाच विचार.

मी अंगणात गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीचं तावदान मागच्या वर्षीच्या गारपिटीत फुटलं होतं, तेव्हापासून तिथं पुठ्ठा होता. आता पुठ्ठा नव्हता. सुताराला बोलावून चारही बाजूंनी पट्ट्या ठोकल्या होत्या. रंगाची बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर, पौर्णिमा मॅडमनी सांगितली होती तशी, पहिल्यांदाच सुलटी. खिडकीत खुशालराव उभे होते. फेटा, कोट, मिशा. ते आलं किसत होते.

भाजीवाली फाटकातून आत आली, खिडकीकडे पाहून म्हणाली, "राम राम पाटील, मेथी देऊ का?" आणि खुशालरावांनी दोन जुड्या मागितल्या. त्यांच्या आवाजावरून हा रोजचा प्रकार होता. पलीकडे बाजेवर सुंदराबाई ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी बाज मुद्दाम खिडकीकडे तोंड करून घातली होती.

मी फोटो काढला आणि आईला पाठवला. मग तिनं विचारलं, काच माळ्यावर नाही ना? मी नाही म्हणून लिहिलं. मग ती बराच वेळ नुसतीच टाइप करत होती, आणि शेवटी एवढंच आलं: रोहितच्या मावशीच्या खिडकीची काच कोणत्या मापाची आहे ते विचारून घे.

मी खिडकीच्या जवळ गेलो. जिथं तीळ होता तिथं, काचेच्या आतल्या बाजूला, एक बारीक काळी रेघ अजून चिकटलेली होती. केसाएवढी, मधे वाकलेली. माशीचा एक पाय पुसायचा राहिला होता. तो बरोबर लीलाबाईंच्या गालावर येत होता, आणि त्याच्या खालीच चहाचं भांडं उघडं होतं.

"साखर किती घालू?" खुशालरावांनी विचारलं.

मी म्हटलं, चहा नको.