चार हजार काजूंचे फोटो

काजू कसा निवडतात हे मला शिकवायला नलिनीताईंना वीस मिनिटं पुरली. तेच मशीनला शिकवायला मला सात महिने लागले.

गोरेगाव पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर शेठचा काजूचा गाळा आहे. कोकणातून सोललेले गर येतात आणि इथे बायका ते टेबलावर निवडतात. अख्खा, पाकळी, तुकडा, साल राहिलेला, किडका. शेठना या कामाला मशीन हवं होतं. परदेशी मशीनची किंमत ऐकून त्यांनी आधी पाणी मागवलं आणि मग मला बोलावलं. मी श्रुतिका, असली मशीनं स्वस्तात जुळवून देते. कॅमेरा, दिवे आणि पट्टा विकत घ्यायचा, आणि डोकं ओपन सोर्सचं, म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं सॉफ्टवेअर. त्यातला ‘फुकट’ हा भाग शेठना फार आवडला. पुढचं त्यांनी ऐकलं नाही.

फुकटच्या डोक्यालाही शिकवावं लागतंच. हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाबद्दल सांगायचं, हा चांगला, हा किडका. सांगणार कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. नलिनीताई म्हणजे टेबलाच्या मुख्य, वय अठ्ठावन्न, मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, राहायला जोगेश्वरी. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा माल परत आला नव्हता. मी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पाच बटणं दाखवली.

“फोटोत काजू खंय असता गो? फोटोत फोटो असता,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

मी हसले आणि त्यांच्याकडून चार हजार फोटो करून घेतले. त्या स्क्रीनला नाक लावून बसायच्या. लांब बसा हो, डोळे खराब होतील, असंही मी म्हणायचे.

मग चाचणी झाली. पट्टा फिरला, कॅमेऱ्याने पाहिलं, हवेच्या फुंकरीने वाईट काजू बाजूला उडायला हवे होते. उडाले, पण चांगलेही उडाले आणि किडके दिमाखात चांगल्यांच्या ट्रेमध्ये जाऊन बसले. शेठनी एक साल चिकटलेला गर उचलून माझ्या नाकासमोर धरला.

“माझा नातू तीन वर्षांचा आहे, तो बरा निवडेल. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर उचल तुझा पसारा.”

मी हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या फोरमवर माझं रडगाणं लिहिलं. ब्राझीलमधल्या कॉफीच्या बिया निवडणाऱ्या कुणा माणसाने एका ओळीत उत्तर दिलं, आधी लेबलं तपास, म्हणजे कोणत्या फोटोला चांगला म्हटलंय आणि कोणत्याला किडका. मला राग आला. राग आला की मी काम नीट करते, हा माझा एक गुण आहे.

आधी दाखवलेलेच दोनशे फोटो मी नलिनीताईंना न सांगता पुन्हा दाखवले. एकशे सतरा वेळा त्यांनी वेगळं बटण दाबलं. त्याच दुपारी त्यांच्या टेबलावरचा एक ट्रे घेऊन मी पाचशे गर भिंगाखाली पाहिले. चूक एकही नव्हती. म्हणजे बाई टेबलावर चोख आणि स्क्रीनवर ढिसाळ. मी दोन आणि दोन चार केले. मशीन आलं की टेबल जाणार, म्हणून मशीनचीच वाट लावायची. त्या घरी निघाल्या तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं.

“नलिनीताई, खरं सांगा. मुद्दाम चुकीची बटणं दाबता ना?”

त्यांनी आधी वर-खाली कुणी आहे का ते पाहिलं.

“बटणं मोठी असत, ती दिसतत. काजू माका दिसणा नाय.”

चार वर्षांपूर्वी साखरेने त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. चालता येतं, रस्ता ओलांडता येतो, पण बारीक काही पाहायला गेलं की नेमकं तेवढंच पुसट होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. टेबलावर त्यांचं काही अडत नव्हतं, कारण तिथे त्या पाहतच नव्हत्या. साल खरखरीत लागते, किड्याच्या भोकात नख अडकतं, कोवळा गर सुरकुतलेला आणि हलका. डोळे शाबूत होते तेव्हाही त्यांचा उपयोग गप्पा मारताना समोरच्या बाईकडे बघायला व्हायचा.

“शेठना सांगितलंत?”

“सांगान काय करू? आमच्या टेबलावरच्या माणिकच्या डोळ्यात मोतीबिंदू झालो, तर तिका पॅकिंगला धाडल्यानी आणि चार महिन्यांनी घरी. आमच्या ह्यांची, दशरथांची, अर्धांगान एक बाजू गेलेली. घरात मिळवती मी एकटी. तू बोलू नको हां, बाय.”

नाही बोलणार, असं मी म्हटलं. स्पष्ट सांगते, मला स्वतःची लाज वाटली. त्या पहिल्या दिवशीच सगळं बोलल्या होत्या आणि मी हसले होते.

मग मी काम उलटं केलं. आधी नलिनीताईंनी टेबलावर हाताने निवडायचं, मग त्यांचा एकेक ढीग वेगळा पट्ट्यावरून न्यायचा. किडक्यांच्या ढिगातला प्रत्येक फोटो किडका. बटणं नकोत, स्क्रीन नको. आठ दिवसांत मशीन असं सुधारलं की शेठनी स्वतः भिंग घेऊन चुका शोधल्या आणि कंटाळून भिंग ठेवून दिलं. नलिनीताईंचं गुपित शाबूत, माझा पसारा शाबूत. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पुढच्या सोमवारी मशीनची पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि शेठ बोलायला उभे राहिले. मशीनला ज्या काजूबद्दल शंका येईल त्याचा फोटो स्क्रीनवर येणार होता आणि कुणीतरी पाहून हो किंवा नाही म्हणायचं होतं. ही सोय मीच केली होती. सगळे करतात म्हणून केली होती.

“आणि त्या खुर्चीत बसणार आपल्या नलिनीबाई! आता उभं राहायचं नाही, हात चिकट करायचे नाहीत. एकतीस वर्षांच्या नजरेचा मान आहे हा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नलिनीताई टेबलाच्या जागेकडे बघत होत्या. टेबल सकाळीच भंगारात गेलं होतं. चार दिवस अंदाजाने बटणं दाबून त्यांना निभावता आलं असतं. पण त्यांच्या हातचा माल परत येत नाही.

“शेठ, माका फोटो दिसणा नाय,” त्या म्हणाल्या. “काजूही दिसणा नाय. चार वर्सां झाली.”

पेढ्याचा बॉक्स कुणाच्या तरी हातात तसाच राहिला. शेठनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

हो, म्हटलं, आणि मग मशीन कसं बरोबर आहे, ते हातांवरून कसं शिकलंय, हे मी समजावत सुटले. माझं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि एकही नलिनीताईंच्या कामाचं नव्हतं. शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी नलिनीताईंना पॅकिंगला बसवलं, काळजी घ्या म्हणाले. महिन्याभराने नलिनीताई घरी होत्या.

मला सुचायला तो महिना लागला. शंकेच्या काजूचा फोटो कशाला दाखवायचा? तो काजूच एका ट्रेमध्ये पाडायचा आणि ट्रे माणसाच्या हाताखाली ठेवायचा. हवेची एक जादा नळी, दोन दिवसांचं काम. ते करून मी सगळ्यांसाठी मोकळं सोडलं. ब्राझीलवाल्याने त्याच आठवड्यात बसवलं आणि झकास चालतंय म्हणून कळवलं. शेठही म्हणाले, बोलव त्यांना, काय हरकत आहे.

मी धावतच जोगेश्वरीला गेले. दशरथकाका खाटेवर पडून बातम्या ऐकत होते. नलिनीताई मांडीवर सूप घेऊन कुळीथ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. ट्रे, नळी, आणि फोटोचा काही संबंध नाही हे दोनदा.

“शेठ हो म्हणाले?”

“स्वतःहून. उद्यापासून या म्हणाले.”

त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

“नको गो बाय. तू चांगला केलंस. पण आता मी थंय बसलंय की सगळी माझ्या डोळ्यांकडे बघतली. हातांकडे कोण बघतलो?”