पट्टीवरचं कुंकू

"बाई, हिले झेंडूचा हार, अन् माह्या पट्टीले कुंकवाचं बोटही नाही!" कोकिळाबाई पुटपुटल्या. पुटपुटणं शेजारच्या टेबलापर्यंत जाईल इतकंच होतं. म्हणजे बेताचं.

शेजारच्या टेबलाशी अर्पिता होती, आणि तिच्यासमोर पाकिटं फोडायची नवी मशीन.

यवतमाळच्या त्या कचेरीतलं टपाल आजवर कोकिळाबाईंच्याच हातून फुटत आलेलं. पाकीट उभं धरून टेबलावर ठोकायचं, आतला कागद खाली बसला की लोखंडी पट्टीनं वरची कड सर्रकन उघडायची. दर खंडेनवमीला त्या पट्टीला हळदकुंकू लागायचं. यंदा सगळा मान मशीननं खाल्ला. साहेबांनी नारळसुद्धा तिच्यापुढेच फोडला.

मशीनकडे बघायचं नाही असं ठरवून त्या रोज बघत. अर्पिता आधी गठ्ठा टेबलावर ठोकी. (ठोकणं माझंच उचललं, कोकिळाबाई मनात म्हणत.) मग तो तिरप्या ट्रेमध्ये कडेला टेकवून ठेवी. बटण दाबलं की रबरी रूळ एकेक पाकीट आत ओढी आणि आतलं बारकं फिरतं पातं त्याच्या कडेवरून सुताएवढी कातरण सोलून काढी. कातरण खालच्या डब्यात, उघडं पाकीट पलीकडे. आतल्या कागदाला ओरखडा नाही. तेच तर जास्त सलायचं.

"मावशी, चालवून पाहता का?" अर्पिता विचारी.

"माही सवत हाये ते. तिले मी कायले हात लावू?"

"सवतीलेही तेलपाणी करा लागते, बाई," टपाल आणणारे जमीरभाई हसत.

जमीरभाईंच्या हातची पिशवी मात्र कोकिळाबाई आधी गाठत. निम्मी पाकिटं गुपचूप स्वतःच्या खणात जात. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बसून त्या ती पट्टीनं फोडत आणि नंतर उघड्या गठ्ठ्यात मिसळून देत. काम अडत नव्हतं. फक्त हाताची सवय राहत होती, आणि हट्टही.

त्या दिवशी साहेब मशीनपाशी थांबले. डबा कातरणांनी गच्च भरला होता.

"वा, अर्पिता! काम जोरात दिसतंय."

कोकिळाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. निम्मं टपाल माझ्या खणात, मग हिचा डबा भरला कसा? चोर सापडल्याचा आनंद त्यांच्या अंगभर पसरला.

सुट्टीत सगळे जेवणाचे डबे घेऊन बाहेर गेले. कोकिळाबाई रेकॉर्ड रूमकडे न जाता दाराआड उभ्या राहिल्या. अर्पितानं आपल्या पिशवीतून जुनी, फोडलेली, रिकामी पाकिटं काढली. दुसरी कड वर करून ठोकली, ट्रेमध्ये लावली. मशीन घरघरली. मग तिसरी कड.

"धरली तुले!" कोकिळाबाई आत आल्या. "रिकामे पाकिटं सोलून राह्यली?"

अर्पितानं बटण बंद केलं. "डबा रिकामा दिसला, तं साहेब म्हणतीन मशीन कायले घेतली. मशीन गेली, की मीही गेली, मावशी. मी काही तुमच्यासारखी पर्मनंट नाही."

कोकिळाबाई मागं वळल्या. त्या आपल्या टेबलाशी गेल्या, खणातली पाकिटं पदरात घेऊन आल्या.

"घे. हे माह्यापाशी होते."

"तुमच्यापाशी? काहून?"

"जळत होती मी. अजून काय?"

त्यांनीच गठ्ठा ठोकला, ट्रेमध्ये टेकवला आणि पहिल्यांदा स्वतः बटण दाबलं. पाकिटं सुरू झाली म्हणेस्तोवर संपलीसुद्धा. रूळ नुसतेच फिरत राहिले.

जमीरभाई दुपारची फेरी करून आले. रिकामी पिशवी घडी घालून काखेत होती.

"पोस्टात सणाची गडबड असन," ते कुणी न विचारताच म्हणाले.

"सोमवारी जास्त टपाल येईन," अर्पिता म्हणाली.

असंच सगळे म्हणत. गेल्या आठवड्यातही म्हणाले होते.

कोकिळाबाईंनी मशीनवरच्या सुकल्या हाराखालचं कुंकू बोटानं टिपलं आणि आपल्या पट्टीला लावलं. मग पट्टी मशीनच्या झाकणावर आडवी ठेवली.

"सारं कॉम्प्युटरवर येते, पोरी," त्या म्हणाल्या. "टपाल आता येतच नाही."