छाती जमिनीला

अकानबी लागोसच्या बँकेत मोठा साहेब होता आणि पोटानेही तेवढाच मोठा झाला होता. डॉक्टरने रक्तदाबावरून दम भरला, तेव्हा एकट्याने घाम गाळणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने बायकोपोरांनाही जुंपलं. सुट्टीला इबादानला आईकडे आला तो घरातल्या सगळ्यांना एकाच नारिंगी कापडाचे सदरे शिवून. लग्नाला, मयताला घरभर एक कापड घेतात, हे म्हातारीला ठाऊक होतं. पळायला कापड घेणारं घर तिने पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्याच सकाळी कानांत गाण्यांची बोंडं खुपसून सगळी वरात गल्लीतून धावत गेली. दारोदार म्हातारी माणसं दातवण चावत बसली होती. अकानबीने थांबून नमस्कार करायचं सोडून पळता पळता नुसता हात हलवला. तोही डावा, कारण उजव्या हातात पाण्याची बाटली होती!

आबेनी म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कित्येक वर्षं या गल्लीत लेकाचे गोडवे गात होती. त्याची काळ्या काचांची गाडी थेट फाटकातून आत यायची आणि तशीच परत जायची, तरी तिने त्याची बाजू सोडली नव्हती. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

समोरची राफियूची आई काठी टेकत आलीच. "काय गं अकानबीच्या आई, चोर लागला होता का लेकाच्या मागे?"

"व्यायाम करतात म्हणे."

"अस्सं! मला वाटलं, आमची तोंडं बघायला लागू नयेत म्हणून पळतात."

न्याहारीला आबेनीने चवळीची भजी लेकापुढे आदळली.

"आई, तेल फार आहे गं."

"तेलाचं राहू दे. उद्या मी सांगेन तसा व्यायाम. एक दार चुकवायचं नाही. नमस्काराला पुरुषांनी छाती जमिनीला लावायची, बायकांनी दोन्ही गुडघे. समोरचा आशीर्वाद देऊन थांबेपर्यंत उठायचं नाही."

"अगं, अशाने काळजाचे ठोके वाढत नाहीत."

"माझे वाढलेत ना सकाळपासून, तुझ्या पायी!"

"अहो आई, माझे गुडघे दुखतात," सून म्हणाली.

"उंच टाचांवर लग्नात रात्रभर नाचतात, ते गुडघे कुणाचे गं?"

दुसऱ्या दिवशी वरात निघाली, पुढे आबेनी. इबादानच्या म्हाताऱ्यांना एरवी काम नसतं आणि आशीर्वादात कुणी चिक्कूपणा करत नाही. राफियूच्या आईने तर कहर केला. तिने अकानबीच्या नोकरीला आशीर्वाद दिला, गाडीला दिला, गाडीच्या एकेका चाकाला दिला, आणि त्याच्या अजून न झालेल्या नातवंडांनाही सोडलं नाही. साहेब खाली धापा टाकत होते. पोरं मात्र टुणकन पडत होती, टुणकन उठत होती.

"नातवंडं गुणाची आहेत हो," राफियूची आई म्हणाली. "बापाला उठवायला मात्र दोघं-तिघं या रे!"

गल्ली हसली. आबेनीही हसली, तिला बरं वाटलं.

घरी आले तेव्हा नारिंगी सदरे तांबड्या मातीचे झाले होते. आबेनी दाराशी बाकावर टेकली आणि तिचं हसू ओसरलं. परवा गाडीतून उतरल्यावर लेकाने तिला एका हाताने मिठी मारली होती, दुसऱ्या हातात फोन होता. गल्लीतली सगळी दारं झाली होती, तिचंच राहिलं होतं. पण मागून घेतलेला मान कसला?

अकानबी कण्हत न्हाणीकडे निघाला. उंबऱ्यात थांबला. मागे वळला, आईकडे बघत राहिला आणि सावकाश तिच्या पायांशी पालथा झाला.

आबेनीने डोळे मिटून त्याच्या खापरपणजोबांपासून आशीर्वादाला सुरुवात केली. तिला कसलीच घाई नव्हती.